एका अवजड खेळाच्या मुक्कामाची मसलत

ज्या घरात संगणक एक, त्याच्या पोटात साठवणुकीचे ड्राइव्ह तीन आणि त्यांवर हक्क सांगणारी माणसे दोन, त्या घरात एखादा प्रचंड खेळ नव्याने उतरवावयाचा झाला, म्हणजे तो कोणत्या ड्राइव्हवर ठेवावा हा प्रश्न केवळ यंत्रविद्येचा राहत नाही. कोणास अग्रक्रम द्यावा, कोणास हलवावे, काय जिवापाड जपावे आणि काय गेले तरी पुन्हा आणता येईल, या सर्वांचा निवाडा त्यात गुंतलेला असतो. पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबादेत, जेथे घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि जुन्या कागदांत उर्दू असा तिहेरी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथील एखाद्या घरात मामा आणि भाचा यांच्यात या प्रश्नावर जी मसलत व्हावी, ती पुढे मांडली आहे. मामा महसुली दफ्तरात हयात घालवून निवृत्त झालेले. भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. एकाची श्रद्धा बंदोबस्तावर, दुसऱ्याची वेगावर. आणि संगणक सामाईक असल्याने माघार घेण्यास दोघेही नाखूश.

मामा : प्रथम वस्तुस्थिती सांग. खेळ कोणता, त्याला जागा किती लागते, आणि आपल्या तिन्ही ड्राइव्हांवर आजमितीस शिल्लक किती? मोजणी झाल्यावाचून वाटप करावयाचे नाही, हा आमच्या खात्याचा पहिला दंडक.

भाचा : खेळ ‘बाल्डर्स गेट ३’. बेल्जममधील लॅरियन स्टुडिओज या संस्थेने तो ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकासाठी प्रसिद्ध केला. कर्त्यांनी जी किमान आवश्यकतांची यादी दिली आहे तीत १५० जीबी मोकळी जागा मागितली आहे, आणि ती जागा एसएसडीवरच, म्हणजे फिरती चकती नसलेल्या ड्राइव्हवरच, असावी असेही बजावले आहे. आपला पहिला ड्राइव्ह एनव्हीएमई जातीचा वेगवान एसएसडी, ५०० जीबींचा. त्यावर विंडोज आणि माझे कॉलेजचे काम आहे, मोकळे १९० जीबी. दुसरा साटा जातीचा एसएसडी, ४८० जीबींचा. त्यावर मोकळे अवघे ७७. तिसरी ती जुनी हार्ड डिस्क, २ टीबींची, आणि ती अर्ध्याहून अधिक रिकामी.

मामा : थांब. पहिला ड्राइव्ह पाचशेचा म्हणतोस, परंतु पडद्यावर मला ४६५ दिसतात. उरलेल्या पस्तिसांचा हिशेब कोठे लागला?

भाचा : अपहार झालेला नाही, मामा. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे धरतो आणि विंडोज दर पायरीला हजाराऐवजी १०२४ ने भागते, म्हणून पाचशेचे ४६५ आणि ४८० चे ४४७ दिसतात. वस्तू तीच, मापे दोन.

मामा : ठीक. मग मला तर निर्णय उघड दिसतो. सर्वांत मोठी वस्तू सर्वांत मोठ्या जागेत ठेवावी. खेळ हार्ड डिस्कवर उतरव आणि विषय मिटव. तुझा हा खेळ, मी मागे पाहिला त्यावरून, पाळीपाळीने खेळावयाचा आहे. प्रतिस्पर्धी आपली चाल होईपर्यंत हात जोडून उभा राहतो. ज्या खेळात शत्रूलाच घाई नाही, त्यात डिस्कने धावावे असा तुझा आग्रह कशासाठी?

भाचा : शत्रूला घाई नसली तरी नगराला आहे. खेळणारा एका वाड्यातून दुसऱ्या गल्लीत पाऊल टाकतो तेव्हा त्या गल्लीच्या भिंती, माणसांचे चेहरे, त्यांची वस्त्रे, त्यांचे आवाज हे सर्व डिस्कवरून स्मरणात आणावे लागते, आणि ते एका ठिकाणी ओळीने मांडलेले नसते. हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारे टोक योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ मिळवला, की विखुरलेले असे वाचन सेकंदाला शंभराच्या आसपासच होते. एकच मोठा चित्रपट सलग वाचावयाचा असता तर हीच डिस्क सेकंदाला दीडशे एमबी सुखाने देईल. परंतु सहस्रावधी बारीक तुकडे निरनिराळ्या कोपऱ्यांतून उचलावयाचे म्हटले म्हणजे तिचा सगळा वेळ हेलपाट्यांतच जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तिला तेच वाचन सेकंदाला हजारोंनी करता येते. तेव्हा भेद सलग वेगाचा नाही, हेलपाट्यांचा आहे.

मामा : हेलपाटे वाचवावयाचे असतील तर खेळ रचणाऱ्यांनी सामान आधीच जवळजवळ मांडून ठेवावे. दफ्तरात एकाच दाखल्याची नक्कल आम्ही चार बस्त्यांत लावीत असू, ती याचसाठी.

भाचा : त्यांनीही नेमके तेच केले, आणि त्याची किंमत काय पडली तेही ऐका. सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील आपल्या व्याख्यानात सांगितले, की आधीच्या पिढीच्या ‘स्पायडर-मॅन’ या खेळात रस्त्यावरील टपालपेटीसारख्या किरकोळ वस्तूंची माहिती हार्ड डिस्कवर चारशे-चारशे वेळा लिहिलेली होती; हेतू इतकाच, की टोकाला दूर जावे लागू नये. याहून ढळढळीत उदाहरण ‘हेलडायव्हर्स २’ चे. स्वीडनच्या ॲरोहेड या संस्थेचा हा खेळ २०२४ मध्ये आला आणि पुढे संगणकावर तो सुमारे १५४ जीबी जागा व्यापू लागला. डिसेंबर २०२५ मध्ये, नेदरलँड्समधील निक्सिस या संस्थेच्या साहाय्याने, त्यांनी या दुबार नकला काढून टाकल्या, तेव्हा तोच खेळ सुमारे २३ जीबींत मावला. हार्ड डिस्कवर खेळणारे त्यांच्या मोजणीत सुमारे ११ टक्के निघाले. म्हणजे दहांतील एकाच्या सोयीसाठी उरलेल्या नवांनी आपल्या महागड्या जागेतले सव्वाशेहून अधिक जीबी विनाकारण गुंतवून ठेवले होते. हार्ड डिस्कची भीड धरल्याचा हा दंड आहे, मामा.

मामा : साक्षीदार तू आणलास, तेव्हा त्याची उलटतपासणी करण्याचा हक्क मला आहे. नकला काढल्यावर त्या ११ टक्क्यांचे काय झाले? त्यांचे खेळ बंद पडले काय?

भाचा : नाही. त्यांचा प्रतीक्षाकाळ काही थोड्या सेकंदांनीच वाढला.

मामा : इतकाच? ज्या भयापोटी सव्वाशे जीबींचा भार वाहिला, ते भय काही सेकंदांचे?

भाचा : तसेच निघाले. त्या खेळात रणभूमी दर खेपेस नव्याने रचली जाते, आणि वाट पाहण्याचा बहुतांश वेळ ते रचनेचे गणित करण्यात जातो, डिस्कवरून सामान आणण्यात नव्हे, असे मोजणीअंती त्यांच्या ध्यानात आले.

मामा : मग तुझ्याच साक्षीदाराने दोन गोष्टी सिद्ध केल्या. हार्ड डिस्कची अतिरिक्त भीड धरू नये ही एक, ती मी मान्य करतो. परंतु डिस्क मंद म्हणजे खेळ मंद हे तुझे समीकरणही सरसकट खरे नाही, ही दुसरी. कोणत्या खेळाचा विलंब कोठे होतो हे तपासल्यावाचून त्याला जागा नेमून देणे म्हणजे पाहणी न करता पट्टा लिहून देणे होय.

भाचा : सरसकट नाही, हे मलाही मान्य. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा २०२० सालचा खेळ मी हार्ड डिस्कवरच ठेवला आहे. या महाकाय खेळांच्या मानाने तो आटोपशीर आहे आणि तेथे तो मला कधी खटकला नाही. परंतु ज्या खेळाचे कर्ते स्वतःच एसएसडी आवश्यक म्हणून लिहितात, त्याला हार्ड डिस्कवर टाकून मग तो अडखळतो म्हणून बोल लावणे न्याय्य नव्हे. म्हणून मी म्हणतो, तो सरळ एनव्हीएमई ड्राइव्हवर जाऊ द्या. तेथे १९० मोकळे आहेत, त्याला १५० पाहिजेत, आणि घरातील सर्वांत वेगवान जागा तीच.

मामा : आणि मागे उरतील चाळीस. चारशे पासष्टांचा दशांश देखील नव्हे. ज्या ड्राइव्हवर विंडोजचा सगळा कारभार चालतो, ज्यावर तुझे परीक्षेचे प्रकल्प आहेत, त्याला श्वास घेण्यापुरतीही जागा ठेवावयाची नाही?

भाचा : लेखनाने एसएसडी झिजते या भीतीने म्हणत असाल तर हिशेब करून पाहू. पाचशे जीबींच्या एखाद्या चांगल्या ड्राइव्हला ३०० टीबी लेखनाची मर्यादा दिलेली असते. मी दर आठवड्याला दीडशे जीबींचा एक नवा खेळ उतरवीत राहिलो, तरी वर्षाला ७.८ टीबी होतात; तीनशे संपावयास अडतीस वर्षे लागतील. आणि खेळणे म्हणजे बहुतेक वाचणेच. वाचनाने झीज नगण्य.

मामा : झिजण्याची गोष्ट मी काढलीच नाही, मी गर्दीची काढली. भरलेल्या एसएसडीचे काय होते ते तूच मला मागे समजावले होतेस.

भाचा : होय, ते खरे आहे. आजचे पुष्कळसे ड्राइव्ह मोकळ्या जागेचाच एक भाग तात्पुरत्या जलद लेखनासाठी वापरतात. जागा आटली की तो भाग आटतो आणि लेखन मंदावते. शिवाय आतल्या आत जुनी पाने पुसून नवी लावण्याचे जे काम सतत चालते, त्यालाही मोकळीक लागते. दहा ते वीस टक्के जागा रिती ठेवावी, असा सामान्य संकेत आहे.

मामा : आणि खेळाचे अपडेट?

भाचा : ते तर आणखी अवघड. खेळाचे सामान शेकडो लहान फायलींऐवजी काही थोड्या प्रचंड फायलींत बांधलेले असते. अशा एका फायलीतील चार ओळी बदलावयाच्या म्हटल्या तरी स्टीम, म्हणजे ज्या सेवेतून मी खेळ विकत घेतो आणि उतरवतो ती, पुष्कळदा जुनी फाइल तशीच ठेवून शेजारी नवी रचते, आणि ती पुरी झाल्यावरच जुनी काढते. तेवढ्या काळापुरती जागा जवळजवळ दुप्पट लागू शकते. चाळीस जीबींत मोठे अपडेट कदाचित अडेल.

मामा : म्हणजे सर्वांत वेगवान जागा ही सर्वांत योग्य जागा नव्हे, हे तुझ्याच तोंडून आले. आता मला सांग, त्या एनव्हीएमईत आणि साटाच्या एसएसडीत अंतर किती?

भाचा : कागदावर फार मोठे. साटाची वाट सेकंदाला साडेपाचशे एमबींच्या सुमारास संपते. आपल्या एनव्हीएमईचा आकडा साडेतीन हजारांचा आहे. परंतु खेळ उघडण्याच्या वेळेत सहापट फरक पडत नाही. सामान संकुचित करून ठेवलेले असते, ते उलगडावे लागते, जुळवावे लागते, आणि ते काम प्रोसेसरचे. ड्राइव्हने सामान दाराशी लवकर आणून टाकले तरी आत नेणारा तितकाच हळू चालला, तर दारात ढीग साचतो, एवढेच. त्यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने डायरेक्टस्टोरेज नावाची सोय केली, आणि ती वापरणारा संगणकावरील पहिला खेळ ‘फोरस्पोकन’ जानेवारी २०२३ मध्ये आला. परंतु तिचा लाभ घेणारे खेळ अजून थोडेच. आणि चित्रांची गती, म्हणजे सेकंदाला किती चित्रे पडद्यावर उमटतात ती, ही ड्राइव्हवर नव्हे तर मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांवर अवलंबून. तेव्हा हार्ड डिस्क ते साटा एसएसडी ही उडी मोठी. साटा ते एनव्हीएमई ही पायरी, या खेळापुरती, लहान.

मामा : मग खेळ साटाच्या एसएसडीवर गेला पाहिजे, हे तर्काने ठरले. अडचण एवढीच, की तेथे ७७ मोकळे आहेत. त्या जागेवर सध्या कोण वहिवाट करते आहे?

भाचा : ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ सुमारे १५०, तो मी गेल्या वर्षीच पुरा केला. ‘सायबरपंक २०७७’ सुमारे ७०, तो चालू आहे. आणि उरलेले दीडशे... तुमचे.

मामा : माझे?

भाचा : तुम्ही स्कॅन करून ठेवलेले निजामी अमलातले उर्दू दस्तऐवज, मोडीतले कागद, जुन्या पहाण्या, लग्नाची चित्रफीत, आणि एकाच छायाचित्राच्या चार-चार प्रती. महिनोन्‌महिने ते फोल्डर कोणी उघडीत नाही.

मामा : ते कागद मी मुद्दाम चांगल्या ड्राइव्हवर ठेवविले. घरातील मोलाची चीज घरातील मोलाच्या जागी असावी, यात गैर काय? तुझा खेळ गेला तर बाजारातून पुन्हा येईल. त्या दस्तऐवजांतील काहींची मूळ प्रत वाळवीने खाल्ली आहे.

भाचा : मोल आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मामा. जी वस्तू वारंवार आणि तुकड्यातुकड्यांनी वाचावी लागते, तिला वेग पाहिजे. जी वस्तू मोलाची आहे, तिला दुसरी प्रत पाहिजे. तुमच्या दस्तऐवजांना सध्या वेग भरपूर मिळाला आहे, तो त्यांच्या उपयोगाचा नाही. आणि दुसरी प्रत नाही, तिचीच खरी गरज. वर्षातून एकदा उघडावयाचा कागद अर्धा सेकंद उशिरा उघडला तर काही बिघडत नाही. उलट एसएसडी जेव्हा जाते तेव्हा बहुधा पूर्वसूचना न देता जाते आणि तिच्यातून काही परत मिळविणे कठीण. हार्ड डिस्क पुष्कळदा आवाज करून, मंदावून, आपली प्रकृती बिघडल्याचे आधी सांगते. आणि वीज न देता कपाटात वर्षानुवर्षे ठेवावयाच्या साठवणुकीसाठी एसएसडी हे साधनच नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो, तेथे तर नव्हेच.

मामा : हा युक्तिवाद मला मान्य करावा लागतो, आणि मी तो सशर्त मान्य करतो. कागद हार्ड डिस्कवर जातील. परंतु त्यांची एक प्रत बाहेरच्या निराळ्या डिस्कवर उतरवून ती तुझ्या मावशीकडे निर्मलला ठेवावयाची. एकाच छपराखाली दोन प्रती म्हणजे दोन प्रती नव्हेत. आधी प्रती, मग रुजवात, आणि मगच येथील मूळ काढावयाचे.

भाचा : कबूल. आणि ‘रेड डेड’ मी काढून टाकतो. तो खरेदी केलेला आहे. इच्छा होईल तेव्हा पुन्हा डाउनलोड करता येतो. खेळाच्या बाबतीत मी काहीच साठवून ठेवण्याच्या मताचा नाही.

मामा : येथे मात्र मी तुला अडवतो. तुझे ‘पुन्हा डाउनलोड करता येतो’ हे वाक्य हैदराबादेत जितके स्वस्त आहे तितके येथे नाही. तारेचे इंटरनेट १०० एमबीपीएसने अखंड चालले तरी दीडशे जीबींना किती वेळ?

भाचा : तीन तास वीस मिनिटे.

मामा : आणि रस्त्याच्या कामात केबल तुटली, आणि मोबाइलच्या रोजच्या दोन जीबींवर भागवावे लागले, तर?

भाचा : पंचाहत्तर दिवस.

मामा : आणि हार्ड डिस्कवर ठेवलेला खेळ एसएसडीवर परत आणावयास?

भाचा : मोठ्या फायली सलग वाचल्या जातात, म्हणून सेकंदाला दीडशे एमबी धरले तर हजार सेकंद, सतरा मिनिटांच्या आतबाहेर. बारीक फायली फार असल्या तर काही अधिक.

मामा : तर मग हार्ड डिस्क टाकाऊ नव्हे. खेळ खेळण्यास ती गैरसोयीची असेल, खेळ राखण्यास ती उत्तम आहे. जो खेळ चालू नाही त्याने तेथे राहावे, आणि त्याची पाळी आली की एसएसडीवर यावे. पंचाहत्तर दिवसांचे काम सतरा मिनिटांवर आणणारी वस्तू कालबाह्य कशी?

भाचा : याला माझ्यापाशी उत्तर नाही. हलवितो.

मामा : आणि हलविणे म्हणजे अवघड ते काय? नोंद बदलावयाची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले, आणि नांदेडकडील मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कले इकडे आली. एक शेत हलले नाही, एक विहीर सरकली नाही. दफ्तरे बदलली, आणि मुलूख इकडचा तिकडे झाला.

भाचा : एकाच ड्राइव्हच्या आत एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात काही नेले, तर हुबेहूब असेच घडते. दीडशे जीबी क्षणार्धात ‘हलतात’, कारण सामान जागचे हलतच नाही. कोणत्या फोल्डराचे ते, ही नोंद तेवढी बदलते. परंतु एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेताना नोंद बदलून भागत नाही; तेथे प्रत्येक बाइट वाचून, पलीकडे लिहून, मग अलीकडचा पुसावा लागतो. सतरा मिनिटे लागतात ती म्हणूनच. आणि योगायोग असा, की याच १९५६ सालच्या सप्टेंबरात आयबीएमने आपले रॅमॅक हे यंत्र जाहीर केले, ज्यात जगातली पहिली हार्ड डिस्क होती : चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, आणि त्यांवर मावत होती पन्नास लाख अक्षरे. एका अक्षरास एक बाइट धरला, तरी माझा हा एक खेळ ठेवावयास तशी तीस हजार यंत्रे लागली असती.

मामा : तीस हजार यंत्रांचे सामान सतरा मिनिटांत हलते, तर मग कुरकुर कशाची? मात्र हलविताना नोंद आणि माल यांचा मेळ राहील, याची तजवीज काय?

भाचा : म्हणूनच फोल्डर हाताने उचलून नेऊ नये. स्टीमला कोणत्या ड्राइव्हवर कोणता खेळ आहे याची स्वतःची नोंद असते. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये प्रत्येक ड्राइव्हवर तिची एक लायब्ररी उघडता येते, आणि तेथूनच खेळ एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर पाठविला की माल आणि नोंद बरोबर जातात. हाताने नेले तर माल तिकडे, नोंद इकडे, आणि स्टीम खेळ नाहीच असे समजून दीडशे जीबी पुन्हा मागवू लागते.

मामा : आणि मध्येच करंट गेला तर?

भाचा : इन्व्हर्टर आहे; तरीही काही बिघडलेच तर खेळाच्या फायली पडताळून पाहण्याची सोय स्टीममध्ये आहे; जेवढे खराब तेवढेच ती नव्याने आणते.

मामा : शेवटचा प्रश्न. खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर गेला, तो ड्राइव्ह उद्या बंद पडला, तर तुझी इतक्या महिन्यांची मजल, ज्याला तू सेव्ह म्हणतोस, तीही गेली?

भाचा : येथे मात्र तुमच्या अंदाजाला धक्का बसेल. खेळ कोठेही ठेवला तरी या खेळाचे सेव्ह सी ड्राइव्हवरच, खेळणाऱ्याच्या खात्याच्या अ‍ॅपडेटा या फोल्डरातल्या लॅरियनच्या उपफोल्डरात साठतात. पुष्कळ खेळांचे असेच आहे. म्हणून खेळाचा ड्राइव्ह गेला तरी मजल वाचते. परंतु विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह पुसला, तर खेळ जसाच्या तसा राहून मजल तेवढी जाते. स्टीम क्लाउड चालू असेल तर तिची एक प्रत बाहेरही राहते.

मामा : म्हणजे दीडशे जीबींच्या खेळात तुझे स्वतःचे असे जे काही आहे, ते त्या दीडशेत नाहीच. मग तुझ्या सेव्हचीही एक प्रत माझ्या दस्तऐवजांबरोबर निर्मलला जाऊ दे. खेळ पुन्हा मिळेल. खेळण्यात घातलेले दिवस मिळणार नाहीत.

असा या मसलतीचा शेवट झाला, आणि तिचा निवाडा पुढीलप्रमाणे ठरला. विंडोज आणि अभ्यास यांच्या एनव्हीएमई ड्राइव्हला हात लावावयाचा नाही. त्यावरील १९० जीबी मोकळीक तशीच राहावी. दस्तऐवजांच्या दोन प्रती करून, त्या पडताळून, साटाच्या एसएसडीवरून ते काढावयाचे. पुरा झालेला खेळ स्टीमच्याच मार्गाने हार्ड डिस्कवर पाठवावयाचा. आणि अशा रीतीने ७७ चे ३७७ जीबी मोकळे झाल्यावर नवा खेळ तेथे उतरवावयाचा, म्हणजे मागे २२७ उरतात आणि कोणतेही अपडेट आले तरी जागेवाचून अडत नाही. नवे काही विकत घ्यावे लागले नाही. ज्या वस्तू चुकीच्या जागी बसल्या होत्या, त्या उठविल्या, इतकेच.

वाचकांपैकी ज्यांच्या संगणकात एकाहून अधिक ड्राइव्ह आहेत, त्यांना या दोघांच्या वतीने सांगावयाचे ते एवढेच. नवा खेळ कोठे ठेवावा असा प्रश्न पडला, तर प्रथम मोकळी जागा पाहू नका, भरलेली पाहा. एसएसडीवर कोण बसले आहे, ते शेवटचे कधी उघडले होते, आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. ज्याला वेगाचे कारण नाही त्याला हार्ड डिस्कवर पाठवा, ज्याची दुसरी प्रत नाही त्याची आजच करा, आणि कर्त्याने एसएसडी मागितलेल्या खेळाला ती देऊन वर दशांशाहून कमी जागा कधीही उरू देऊ नका. नवा ड्राइव्ह विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक घरांत तो करावा लागणार नाही.